लुगड्यांची गोधडी आणि रंगांचा हिशेब

यंदाच्या हळदीकुंकवाला एक मैत्रीण मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढून घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आईच्या अकरा साड्या आणल्यात गं. कपाटात पडून आहेत. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत. गोधडी करावी म्हणते. पण कुठल्या रंगाशेजारी कुठला लावू, काही सुचत नाही. आणि कात्री लावायचा धीरच होत नाही."

मी गोधड्या शिवते हे आता मंडळात सगळ्यांना ठाऊक झालंय, त्यामुळं असा प्रश्न वरचेवर येतो. टाके कसे घालायचे, अस्तर कसं लावायचं, हे शिकवणारी पुस्तकं आणि वर्ग इथं पुष्कळ आहेत. रंगांबद्दल मात्र बहुतेक जणी "तुला आवडतील ते घे" एवढंच सांगतात, आणि नेमका तोच सल्ला फसवतो. निदान मला तरी त्यानं फसवलं. म्हणून आधी माझी फजिती सांगते.

सासूबाई २००९ साली गेल्या. त्यांची तेरा लुगडी एका बॅगेतून इकडं आली आणि चार वर्षं बेसमेंटमध्ये राहिली. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात जन्म काढलेल्या बाईची लुगडी ती. सुती, काही इरकली, धुऊन धुऊन पिठासारखी मऊ झालेली. २०१३ च्या हिवाळ्यात मी धीर करून त्यांतली चार बाहेर काढली. डाळिंबी, बाटलीहिरवं, वांगी रंगाचं आणि एक अंजिरी. चारही एकापेक्षा एक सुंदर. इथल्याच एका पुस्तकातला चांदणीचा नमुना घेतला, तीस चांदण्या कापल्या, दोन महिने खपून जोडल्या, पलंगावर पसरल्या आणि दारात जाऊन पाहिलं. चांदणी एकही दिसेना! जवळ गेलं की डाळिंबी ते डाळिंबी आणि हिरवं ते हिरवं. दहा फुटांवरून मात्र सगळ्याचं मिळून भरीत झालेलं. हे बघायला आले, "छान आहे" म्हणाले, आणि जरा वेळानं विचारलं, "यातलं आईचं कुठलं?"

चारही आईचीच होती.

आमच्या गावच्या चर्चमध्ये आठवड्यातून एकदा क्विल्ट करणाऱ्या बायका जमतात. तिथल्या एका आजींना मी ती गोधडी दाखवली. त्यांनी चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. उरलेल्या चार चिंध्या मागून घेतल्या, मला शेजारच्या लायब्ररीत नेलं आणि त्या चिंध्यांची झेरॉक्स काढली. कागदावर चार चौकोन, चारही एकाच करड्या रंगाचे. म्हणाल्या, "तुझ्याकडे चार रंग नव्हतेच. एकच होता."

इथल्या क्विल्टवाल्या बायका याला 'व्हॅल्यू' म्हणतात. आपण सोप्या भाषेत उजळ-गडदपणा म्हणू. रंग लाल आहे की हिरवा हा एक प्रश्न, आणि तो उजेडाच्या बाजूला आहे की अंधाराच्या, हा दुसरा. आपण साडी घेताना पहिल्या प्रश्नात इतक्या रमतो की दुसरा कधी मनातही येत नाही. साडी अंगावर एकटीच असते, त्यामुळं तिथं त्याचं फारसं अडत नाही. पण गोधडीत आकृती दिसायची असेल, मग ती चांदणी असो, पायरी असो की साधा चौकडा, तर ती दिसते उजळ आणि गडद यांच्या शेजारामुळं. लाल-हिरव्याचा नुसता फरक लांबून तेवढा पुरत नाही. दूरवरून किंवा कमी उजेडात डोळ्याला आधी उजेड-अंधाराचा भेद कळतो, रंगाचं नाव नंतर.

'लॉग केबिन' नावाचा इथला जुना नमुना पाहिलात तर हे एका नजरेत कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इथं घरोघर होता. मध्ये छोटा चौकोन, बहुधा लाल. तो घरातली चूल, असं सांगतात. त्याच्या भोवती पट्ट्या लावत जायचं, दोन बाजूंना उजळ आणि दोन बाजूंना गडद. झाला एक ठोकळा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. मग हेच ठोकळे नुसते फिरवून मांडले की कधी नांगराच्या तासांसारख्या तिरप्या ओळी होतात, कधी एकात एक शंकरपाळे. पट्ट्यांत रंग कितीही असोत, पन्नास प्रकारच्या चिंध्या असोत. उजळ बाजूला उजळ आणि गडद बाजूला गडद एवढा नेम पाळला की नमुना बिघडत नाही. आपल्यासारख्या जुन्या साड्या घेऊन बसलेल्या बायकांसाठी याच्याइतका क्षमाशील नमुना दुसरा नाही.

आता उजळ-गडद ओळखायचं कसं? सगळ्यात जुना उपाय म्हणजे डोळे किलकिले करून बघणं. बारीक नक्षी पुसट होते आणि नुसता काळोख-उजेड उरतो. दुसरा, कापडं जमिनीवर मांडून जिन्यावरून बघणं. माझी एक मैत्रीण दाराला बसवतात ती बघायची भिंगाची नळी हार्डवेअरच्या दुकानातून घेऊन आली आहे. तिच्यातून पाहिलं की समोरचं सारं लांब गेल्यासारखं दिसतं आणि तिला जिना चढावा लागत नाही. दुकानात लाल प्लॅस्टिकची पट्टीही मिळते. पण आपल्या साड्यांसाठी तिच्यावर फार विसंबू नका. लाल काचेतून लाल, केशरी आणि पिवळे उगाचच उजळ दिसतात, आणि आपल्याकडे तर निम्मं कपाट त्याच घराण्यातलं! आता आपल्या सर्वांच्या फोनमध्ये काळा-पांढरा फोटो निघतो, तो झेरॉक्सपेक्षाही बरा. साड्या शेजारीशेजारी पसरा, फोटो काढा, आणि त्या फोटोप्रमाणे उजळाकडून गडदाकडे ओळीनं लावा. बहुतेक जणींना इथंच पहिला धक्का बसतो. चिंतामणी आणि राणी, किंवा शेवाळी आणि विटकरी, फोटोत जुळ्या बहिणी निघतात.

ही ओळ लावताना एक लक्षात ठेवा. उजळ किंवा गडद हा कुठल्याही कापडाचा जन्मजात गुण नव्हे, तो शेजाऱ्यावरून ठरतो. डाळिंबी चिंधी मोतिया कापडाशेजारी गडद असते, आणि काळ्या चंद्रकळेशेजारी तीच उजळ.

आपल्या साड्यांची अडचण अशी की बहुतेकींचा साठा मधल्या आणि गडद रंगांचा असतो. काठापदराची साडी म्हटली की जांभळी, हिरवी, मोरपंखी, आमसुली, वांगी. मळखाऊ म्हणून आवडीनं घेतलेली. उजळ काही नसतंच. मग ते आणायचं कुठून? दुकानातून नवं पांढरं कापड आणून मध्ये ठेवलं तर ते डोळ्यात खुपतं; जुन्याच्या पंगतीत इस्त्रीचा पाहुणा बसल्यासारखं. त्यापेक्षा घरातलं जुनं धोतर काढा, उपरणं काढा, वडिलांचे फिक्या रेघांचे शर्ट काढा. आणि छापील सुती साडी असेल तर तिची उलटी बाजू बघा. रंग तोच, नक्षी तीच, पण पाण्यातून पाहिल्यासारखी फिकी. हे इथल्या बायका सर्रास करतात. मला पहिल्यांदा ते फसवणूक वाटली होती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सासूबाईंचं एक निळं इरकली लुगडं मी उलगडून सरळ मांडलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. जेवणघरातून दिवाणखान्यात गेलं. तेव्हा दिसलं की ते एका रंगाचं नाहीच. डोक्यावरून घेतलेला भाग उन्हानं विटून आकाशी झालेला, कमरेशी खोचलेल्या निऱ्यांच्या आतला भाग मात्र अजून दुकानातून आणल्यासारखा गर्द. एकाच लुगड्यात तीन निळे, आणि ते कुठल्या रंगाऱ्यानं दिलेले नव्हेत. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्यांत शेतावर वापरलेल्या डेनिमच्या पँटींच्या गोधड्या आहेत. गुडघे पांढुरके पडलेले, आणि खिसा उसवून काढला तिथं मूळचा गर्द निळा चौकोन तसाच. त्या बायकांनी ते डाग लपवले नाहीत. तेच उजळ-गडद म्हणून वापरले. आपल्या गावाकडची गोधडी शिवणारी बाईही हेच करत आलेली आहे. तिला दुकानात जाऊन रंग निवडता येत नव्हता. घरात जे फाटलं ते तिच्या वाट्याला आलं. पण फाटक्यातलं कुठलं वर घ्यायचं, कुठलं आत भरायचं, विटका तुकडा कुठं आणि चांगला काठ कुठं, ही निवड सगळी तिचीच.

उजळ-गडद जमलं की मग खऱ्या अर्थानं रंगांकडे यायचं. इथं एक फ्रेंच गोष्ट सांगण्यासारखी आहे. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ या राजेशाही विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला दिलेला काळा धागा फिका पडतो. त्यांनी काळा रंग तपासला. त्यात काही खोट नव्हती. खोट शेजारात होती. निळ्या-जांभळ्याशेजारी ठेवल्यावर तोच काळा डोळ्याला पिवळट, निस्तेज दिसत होता. या एका तक्रारीच्या मागं लागून त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं की शेजारीशेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात. करडा तुकडा हिरव्याशेजारी किंचित लालसर होतो, लालशेजारी किंचित हिरवट. म्हणून चंद्रकळा कापायची असेल तर ती जांभळ्याशेजारी लावण्याआधी एकदा हळदी किंवा केशरी कापडाशेजारी ठेवून बघा. काळा कसा ठणठणीत होतो ते दिसेल.

लाल आणि हिरवा हे एकमेकांचे पक्के विरोधी रंग. दोघांचा उजळपणा सारखा असेल तर त्यांची कड डोळ्यासमोर थरथरते; बघवत नाही. मग हिरव्या साडीचा लाल काठ आपल्याला इतका गोड का वाटतो? जुन्या साड्यांचे काठ नीट निरखले तेव्हा मला उत्तर सापडलं. अंग आणि काठ बहुतेक वेळा एकमेकांना थेट भिडतच नाहीत. मध्ये जरीची, पांढरी किंवा काळी बारीक रेघ असते, रुईफूल असतं, नाहीतर करवतीचे दाते असतात. भांडणाऱ्या दोन जावांच्या मध्ये बसलेली समजूतदार नणंद! गोधडीत तेच काम एखाद्या इंचाच्या अरुंद पट्टीकडून करून घेता येतं. काठ कापून टाकू नका असं मी सगळ्यांना सांगते ते याचसाठी. काठाच्या पट्ट्या या आयत्या मिळालेल्या रेघा असतात.

विरोधी रंगांना न घाबरता वापरलेलं पाहायचं असेल तर आमच्या पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आमिश लोकांच्या जुन्या गोधड्या बघाव्यात. हे लोक कपड्यांत छापील नक्षी वापरत नाहीत, रंगही सांभाळून. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांच्या बायकांनी तलम लोकरीच्या ज्या गोधड्या केल्या, त्यांतले जांभळे, किरमिजी आणि मोरपंखी रंग आपल्या पैठणीच्या कपाटात सहज खपतील. आकृती अगदी साधी. मोठ्या चौकोनात एक मोठा शंकरपाळा, भोवती रुंद पट्टी, एवढंच. बहुतेक रंग मधल्या आणि गडद उजळपणाचे, म्हणजे माझ्या फसलेल्या चांदण्यांसारखेच! मग त्यांच्या फसत नाहीत त्या का? एक तर तुकडे मोठे, दोन-दोन फुटांचे. एवढ्या मोठ्या क्षेत्राला आपला रंग डोळ्यापर्यंत पोचवता येतो. मी तेच रंग दोन इंचांचे करून एकमेकांत कालवले होते. आणि दुसरं, पांढरा किंवा छापील तुकडा मध्ये नसल्यानं प्रत्येक रंगाची तुलना फक्त दुसऱ्या भरीव रंगाशी होते, म्हणून सारेच आतून पेटल्यासारखे दिसतात. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं अमेरिकन गोधड्या भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या, तेव्हापासून लोक त्यांच्याकडे चित्र म्हणून बघायला लागले. मला मात्र त्या पलंगावरच बऱ्या वाटतात.

तेव्हा कपाटात सगळ्या गर्द साड्या असतील आणि उजळ काही घालायचं नसेल, तर तुकडे मोठे ठेवा. बारीक तुकडे करायचे असतील तर उजळाची सोय आधी करा. माझ्या एका वाया गेलेल्या हिवाळ्यातून एवढं तरी घ्या.

पिवळ्याबद्दल थोडं. पिवळा, लिंबू, केशरी हे रंग पुढं धावतात. त्यांची मात्रा हिंगासारखी, चिमूटभर पुरते. आईची हळदी साडी आवडती आहे म्हणून तिचे तुकडे सगळीकडे पेरले तर दुसरं काही दिसणार नाही. पाच-सहा ठिकाणी, तेही एका बाजूला गोळा न करता, आणि उरलेली साडी अस्तराला वापरा. अस्तर ही प्रेमाच्या पण दांडगट रंगांची उत्तम जागा आहे.

रेशमी साड्यांत आणखी एक गंमत आहे. धूपछाँव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. एकाच साडीचा एक तुकडा उभा आणि एक आडवा लावला तर ते दोन वेगवेगळे रंग दिसतात. मुद्दाम केलं तर सुरेख, नकळत झालं तर चूक. म्हणून कापण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याच्या मागं खडूनं बाण काढून ठेवा. जर इस्त्रीच्या उष्णतेनं काळवंडू शकते, तेव्हा वर पातळ कापड घालून इस्त्री.

आणि रंग जाण्याचं. जुनं सुती लुगडं शंभरदा धुतलेलं असतं, त्याच्याकडून भीती कमी. पण दोनदाच नेसलेली लग्नातली साडी पहिल्या धुण्यात शेजारचं धोतर गुलाबी करून सोडते. कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. डाग उमटला तर सुती साडी वेगळी, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवायचा सल्ला सगळ्याजणी देतात. आजकालच्या सुती कापडाचा रंग त्यानं पक्का होत नाही. रेशमी साडीनं रंग सोडला तर तिला उजळ कापडाच्या जवळही नेऊ नका. ती आमिश पद्धतीच्या गर्द गोधडीत घाला आणि ड्रायक्लीनिंगला द्या.

सगळं ठरवायचं ते दिवसाच्या उजेडात. आमची आई मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना दुकानदाराचं न ऐकता तो रस्त्यावर उन्हात घेऊन जायची. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. पण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे निघू शकतात, हे शास्त्र तिला अनुभवानं माहीत होतं. गोधडीचं आणखी एक, ती रात्री बघायची वस्तू. उजेड फार मंद झाला की लाल रंग आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे उजळ वाटू लागतात. पुर्किन्ये नावाच्या बोहेमियन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपून ठेवलं आहे. तेव्हा दिवसा ठरलेली मांडणी एकदा निजायच्या खोलीत, दिवा मंद करूनही बघा.

दोऱ्याचा रंगही मोजावा लागतो. आपला पांढरा धावदोरा गर्द कापडावर शेकड्यांनी पडला की सगळ्याच गोधडीवर पातळ साय धरते, आणि मला ती आवडते. ज्यांना रंग तसेच गर्द हवे असतील त्यांनी करडा किंवा जांभळा दोरा घ्यावा.

२०१६ मध्ये मी सासूबाईंची आणखी पाच लुगडी काढली. नमुना लॉग केबिनचा. उजळ बाजूला सासऱ्यांची दोन धोतरं आणि त्या निळ्या लुगड्याचा विटलेला पदर. गडद बाजूला त्याच लुगड्याच्या निऱ्या, एक चंद्रकळा आणि बाकीची. मधले लाल चौकोन फसलेल्या गोधडीतून उरलेल्या डाळिंबीचे. ह्यांनी ती पाहिली आणि या वेळी विचारलं काहीच नाही. आकाशी पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "हे तिच्या डोक्यावरचं." पहिली भरताची गोधडी आता मोठ्या मुलाकडे शिकागोला आहे; ऊब तिलाही तेवढीच आहे म्हणतो.

चार लुगडी अजून शिल्लक आहेत. त्यांतली एक दुसरी चंद्रकळा आहे, फारशी न नेसलेली. तिला कात्री लावायची की नाही ते माझंही ठरलेलं नाही.

हळदीकुंकवातल्या मैत्रिणीला मी पुढच्या शनिवारी बोलावलं आहे, सकाळी दहाला, कारण आमच्या जेवणघरात चांगलं ऊन तेव्हाच असतं. अकराही साड्या आण, आणि वडिलांचं काही फिकं असेल तर तेही आण, असं सांगितलंय. कात्री मात्र घरीच ठेवून ये म्हटलंय. पहिल्या दिवशी नुसत्या पसरून बघायच्या.